पाय उचलायची जागा

उद्यमनगरात माझं दुकान, मोटार रिवाइंडिंगचं.
जळालेल्या पंपांच्या पोटातली काळी तार उपसायची,
नवं तांबं भरायचं, वार्निश, भट्टी.
चाळीस वर्षांत बोटांना एवढंच कळलंय:
मोटारीला वीज दिली तर ती फिरते,
तिला कुणी फिरवलं तर ती वीज देते.
तार तीच.
एकाच पानावर जमा आणि नावे.

केतकी माझी, एकोणीसची,
हायवेपलीकडच्या ट्रॅकवर कार्ट पळवते.
कोपराजवळ सायलेन्सरचा चटका
आणि त्या चटक्याचा तोरा.
रविवारी रात्री दुकानातल्या टीव्हीवर रेस लावते,
मी आर्मेचर मांडीवर घेऊन बसतो.

लांब सरळ रस्ता. करड्या रंगाची गाडी.
ड्रायव्हरचा पाय तळाला टेकलेला, इंजिन कळवळतंय,
आणि आकडे उतरतायत,
तीनशे चाळीस, तीनशे पंचवीस,
वळण तर अजून कुठल्या कुठे.
"आबा, बघा की! दमली ही!"
दमली नाही, म्हटलं, साठवतीय.
इंजिनाच्या ताटातला घास बॅटरीला भरवतीय,
पुढच्या फेरीत लागेल म्हणून.
"मग पळायचं कधी?
ही रेस हाय का भिशी?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.
अजूनही नीटसं नाही.

दारात दस्तगीर उभा, हातात भडंगाचा पुडा.
तीस वर्षं साखर घेऊन कोकणात उतरलेला माणूस.
म्हणाला, करूळ घाटात डिझेल वाचवायला
न्यूट्रल टाकणारे बघितलेत मी.
दरीतपण बघितलेत.
मी गियरातच उतरायचो, तरी खाली पोचेस्तोवर
ड्रम लालभडक, वास नाकात.
पंधरा टनांचा सगळा जोर
त्या वासात गेला, मर्दा.
कुणी भरून ठेवला असता
तर आमची अख्खी गल्ली उजळली असती.
आणि भडंगातले शेंगदाणे तेवढे वेचून खात बसला.

टीव्हीत एक पोरगा पुढच्याच्या सेकंदभर मागं आला,
नियमानं त्याला जादा वीज मिळाली, गेला पुढं.
पुढच्या सरळीला त्याची बॅटरी रिकामी,
मागचा तसाच निघून गेला.
पुन्हा हा, पुन्हा तो.
केतकीनं रिमोट गादीवर आपटला.
"उसनं घेऊन पुढं जायचं आणि व्याजासकट मागं यायचं!"

मग हिरव्या गाडीतला तो थोराड ड्रायव्हर,
ज्याच्याकडं कॅमेरा फिरकतही नव्हता.
सगळे हल्ला करतात तिथं त्यानं केलाच नाही.
वळणाच्या कितीतरी आधी पाय उचलला,
गाडी नुसती घरंगळली,
वारा तेवढा ऐकू आला.
एक फेरी. दोन. समालोचक म्हणाला, संपला हा.
तिसऱ्या फेरीत, जिथं कुणीच कुणाला गाठत नाही
त्या तिरक्या, अरुंद चढावर
तो दोघांच्या बाजूनं निघून गेला.

केतकी गप्प.
मग रिमोट शोधला, मागं नेलं, पुन्हा मागं नेलं.
"कुठं उचलला वो पाय त्यानं?"
तिघांनीही बघितलं.
नेमकी जागा सापडली नाही.

सोमवारी तिच्या बॅटरीवरच्या स्कूटरवर मागं बसलो.
दाभोळकर कॉर्नरचा सिग्नल लांबून लाल दिसला
आणि तिनं मूठ सोडली, फार लवकर.
मागून रिक्षावाल्यानं शिवी हासडली,
एक बुलेट घासून पुढं जाऊन
लाल दिव्याखाली धडधडत थांबली.
"केतके, पळीव की," म्हटलं.
"गप बसा आबा. भरतीय."

सीटखाली सूर बदलला,
ओढणारा होता तो धरणारा झाला.
तो सूर मी ओळखतो.
पण तिला तो ऐकू येत होता का,
का ती नुसती सिग्नलवरचे सेकंद मोजत होती,
हेल्मेटमुळं कळलं नाही.
दिवा हिरवा झाला तेव्हा
आम्ही थांबलेलोच नव्हतो.